आजार फुप्फुसाचा, उजेड मांडीवर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते पारबताबाईचे. ती माझी मोठी बहीण. मी तिला नुसतं बाई म्हणतो. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि ती आईच्या शेजारी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला बसली. मी बी.ए. झालो तेव्हाही ती वळतच होती. आमच्या घरातच काय, अख्ख्या वस्तीत पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला. बाईने तो दोन्ही हातांनी धरला, खालीवर पाहिला आणि विचारलं, "याच्यात तुहं नाव कोठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. पुढे पुष्कळ वर्षांनी ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकली, तेव्हा तिने तो कागद पुन्हा मागून घेतला आणि माझं नाव स्वतः वाचलं. एकेक अक्षर लावून, मोठ्याने.

माझा शब्द तिला पुरतो. "शिकलेला माणूस खोटं कायले बोलंल?" असं ती लोकांना सांगते. या आजारात माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली ती याच शब्दाची. धापेच्या आजाराने घरात बसून राहिलेली बरीच माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ती चूक जशी झाली तशी लिहितो. औषधांची नावं आणि मात्रा यात नाहीत. त्या डॉक्टरांना विचाराव्यात.

वरचा धान

मी धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. शेतकरी पोत्याचं तोंड उघडतो, वरचा धान ओंजळीत घेतो आणि म्हणतो, "पाहा साहेब, सोनं हाय." ग्रेडरने त्या ओंजळीकडे बघायचं नसतं. त्याने परखी घ्यायची, म्हणजे टोकदार पोकळ सळई, ती पोत्याच्या पोटात खुपसायची आणि मधला धान बाहेर काढून तपासायचा. ओलावा किती, काडीकचरा किती, ते पाहून वजनातून कडता धरायचा. जितकी शंका तितका कडता. बावीस वर्षं मी हेच केलं. हंगामात दिवसभर धानाची धूळ नाकातोंडात जायची. बिडीच्या धुराने ती धूळ जळते असं केंद्रावरचे सगळे समजत. मी पदवीधर, तरी मीही समजत होतो.

धाप पहिल्यांदा लागली ती पोत्यांच्या थप्प्यांमधून चालताना. आमचं केंद्र बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला होतं. विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची लहान विमानं डोक्यावरून घिरट्या घालायची. मी मधेच थांबून वर बघत उभा राहायचो. साहेबांना विमानांचा भारी शौक आहे असं हमाल म्हणायचे. मी कोणाला खरं सांगितलं नाही. दोन हंगाम मी असेच विमानं बघत काढले.

तिसऱ्या हंगामात आंघोळीचा तांब्या डोक्यापर्यंत उचलणं जड जाऊ लागलं. बायको, कुसुम, दाराबाहेरून विचारायची, "झालं का तुमचं?" आणि मला 'हो' म्हणायलासुद्धा श्वास पुरायचा नाही.

वेगळा पेला

तपासणीच्या दिवशी एका नळीत फुंकायला लावलं. तंत्रज्ञ हिंदीत ओरडत होता, "फूंको काका, और, और, और, छोड़ना मत!" मी तीनदा फुंकलं आणि तिन्ही वेळा डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सांगितलं की श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत, झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं थांबवता येतं.

"बिडी?"

"कधीमधी," मी म्हणालो.

"रोजचे दोन कट्टे," कुसुम म्हणाली.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मला वाटत होतं की हा टी.बी. आहे आणि हे लोक तो लपवताहेत. थुंकी तीनदा तपासून झाली होती, तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. पण वरचा धान नेहमीच चांगला असतो. घरी आल्यावर मी माझा पेला वेगळा ठेवला, ताटही वेगळं. दोन दिवस कुसुमने पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पेल्यातलं अर्धं पाणी माझ्यासमोर पिऊन टाकलं आणि उरलेलं पुढे सरकवलं. "घ्या. आता मराचं असंल तं दोघंही मरू." त्या दिवसापासून पेले एक झाले. माझी शंका मात्र पूर्ण गेली नाही. आपला आजार कोणता हे मान्य करायला मला आणखी एक एक्स-रे आणि चार महिने लागले.

बाईला कळलं तेव्हा ती गावाहून आली. आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या काठावर आहे, मी राहतो गोंदियात. चार पायऱ्या चढून ती उंबऱ्यातच बसली. तिची छाती माझ्यासारखीच वर-खाली होत होती.

"माह्याच हातच्या बिड्या पेल्या तू," ती म्हणाली.

कॉलेजात असताना मी तिच्या छाटातल्या, म्हणजे कारखान्याने नापास करून परत टाकलेल्या, बिड्या उचलायचो. तिला ते ठाऊक होतं.

"तू कोठं देत होती बाई? मी चोरत होतो."

"चोराले दार उघडं तं मीच ठेवलं ना गा."

मी तिलाही त्याच डॉक्टरांकडे नेलं. तोच आजार निघाला, माझ्यापेक्षा पुढे गेलेला. चाळीस वर्षं तंबाखूची पूड आणि चुलीचा धूर. अंगणातल्या नळापासून घरात कळशी आणताना ती दोनदा बसते, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

दुसऱ्या खाटेवरचे दुबेजी

थंडीत एकदा छाती एवढी भरली की मला आठ दिवस इस्पितळात ठेवलं. सकाळी फिनाइलचा पोचा, मग चहा, मग तोंडावर मुखवटा लावून औषधाची वाफ. दुपारी डॉक्टर, संध्याकाळी पुन्हा वाफ. शेजारच्या खाटेवर रेल्वेतून निवृत्त झालेले दुबेजी होते. त्यांना माझ्या नोकरीचं फार कौतुक. नर्स गोळी घेऊन आली की ते म्हणायचे, "पहले साहब को दिखाओ. नमी चेक करेंगे."

मी खरंच गोळीचं पाकीट उलटून तारीख बघायचो. सलाइनची बाटली बदलताना नाव वाचायचो. नर्स चिडायची. कुसुम तिची समजूत काढायची, "राहू द्या सिस्टर, घरीबी असेच हायेत. भाजीवालीले वांगं चिरून दाखवाले लावतात."

भीती होतीच. ती मरणाची कमी आणि अशाच अर्धवट जगण्याची जास्त होती. खाटेपासून संडासापर्यंत बावीस पावलं होती आणि मला तेवढ्यासाठी भिंत धरावी लागत होती.

मांडीवर उजेड

सुटी मिळायच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपीच्या शुभांगी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत. आठवड्यातून तीन दिवस नागपूरहून यायच्या. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. घोड्याच्या खोगिराएवढा पट्टा, त्यावर एक लाल ठिपका आणि आत बारीक बारीक दिवे. चालण्याच्या व्यायामाआधी तो मांड्यांना बांधून उजेड द्यायचा, असं त्या म्हणाल्या.

"आजार फुप्फुसात आणि उजेड मांडीवर?" मी विचारलं.

"काका, तुम्ही चालता चालता थांबता ते फक्त फुप्फुसामुळे थांबता असं वाटतं ना? धापेच्या भीतीने तुम्ही दोन-तीन वर्षं चालणंच कमी केलं. मांड्या बघा, आटल्यात. आता थोड्या चालण्याने त्या थकतात, आणि थकलेला स्नायू जास्त हवा मागतो. तेवढी हवा तुमच्याकडे नाही."

"मग उजेडाने मांड्या भरतील?"

"भरणार नाहीत. व्यायामाआधी हा उजेड दिला तर त्या जरा उशिरा थकतात असं काही ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी काहीच दिसलं नाही. मलाही खात्री नाही. म्हणून तर करून बघतेय."

दुबेजी पलीकडून म्हणाले, "पैंतीस साल लाल बत्ती देखी है मैडम. उसका मतलब एक ही होता है. गाड़ी खड़ी रहेगी."

मॅडम हसल्या. मी हसलो नाही. "साहेब, थोडा ओला हाय बरं का" असं आपणहून सांगणारा शेतकरीच सगळ्यात धोक्याचा असतो. थोडं कबूल करून तो पुष्कळ लपवतो. 'मलाही खात्री नाही' असं म्हणणारी ही बाई मला तशीच वाटली.

त्यांची रीतही अशी की शंका वाढावी. प्रत्येकाला तीन-तीन आठवड्यांच्या दोन खेपा. एका खेपेत दिवे खरे, दुसऱ्या खेपेत नुसता पट्टा. तोच आवाज, तोच बाहेरचा लाल ठिपका, पण आत उजेड नाही. उपयोगाचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. कोणती खेप खरी हे त्यांनाही माहीत नसणार. त्यांच्या सहकाऱ्याने यंत्र लावून दिलेलं, आणि उत्तर बंद पाकिटात. हे सगळं लिहिलेला कागद मी घरी नेऊन चार वेळा वाचला. यंत्र कोणाचं, विकायचं आहे का, असेही प्रश्न विचारले. यंत्र त्यांच्या कॉलेजातून उसनं आणलेलं होतं आणि दिवाळीपर्यंत परत करायचं होतं. मी सही केली, ती विश्वास बसला म्हणून नव्हे. खोटं कसं असतं ते आतून बघावं म्हणून.

बाईला फोनवर सांगितलं. तिला फोनवर बोलताना धाप लागते, म्हणून ती थोडक्यात बोलते.

"मले घेतील का?"

"घेतील. मॅडमला विचारलं मी. पन आधी मी तपासतो."

"तू म्हनशील तं येतो."

हे एवढं ओझं त्या दिवशी माझ्यावर आलं. मी 'हो' म्हटलं तर ती येणार, 'नाही' म्हटलं तर नळापर्यंतच राहणार. मध्ये दुसरं कोणी नव्हतं.

व्हरांडा

पहिली खेप मे महिन्यात झाली. आधी सहा मिनिटं चालून दाखवायचं होतं. इस्पितळाच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन लाल शंकू ठेवलेले, बोटाला चिमटा, मॅडमच्या हातात घड्याळ. "तुमच्या चालीने चाला काका. थांबावंसं वाटलं तर थांबा. पण घड्याळ थांबणार नाही."

व्हरांड्याची लांबी त्यांनी कागदावर लिहिली होती. दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी गेलो आणि घरून आणलेल्या फितीने ती मोजू लागलो. वाकून मोजताना धाप लागली आणि मी फीत हातात धरून जमिनीवरच बसलो. वर बघतो तर मॅडम.

"किती भरली काका?"

"बरोबर आहे."

"मग चालू या?"

बरोबर निघाल्याचा मला थोडा रागच आला.

पट्टा बांधला की मांड्या कोमट व्हायच्या. बरं वाटायचं. मग सायकल, मग चालणं. घरी गल्लीत रोज चालायचं आणि किती फेऱ्या झाल्या ते एका वहीत लिहायचं. इथे माझ्या हाताने ती गोष्ट केली जी दुसऱ्या कोणा रुग्णाने केली नसती. सोळा फेऱ्या झाल्या की मी पंधरा लिहायचो. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. माणूस स्वतःचा माल वाढवूनच सांगतो, म्हणून थोडा कडता धरलेला बरा. बावीस वर्षांत एकही आकडा मी जसाच्या तसा लिहिला नव्हता.

दुसरी खेप पावसाळ्यात, धानाची रोवणी उरकल्यावर. पट्टा बांधला आणि मांडीला गार लागला. दुसऱ्या दिवशीही गार. मी मनाशी पक्कं केलं: मे महिन्यातला माल खरा, हा खोटा. आणि खऱ्या मालानेही मला फारसा फरक पडला नव्हता. खोट्या मालाला कडता जास्त, हा नियम. वहीत मी सोळाच्या तेरा लिहू लागलो. एक-दोन दिवस बारा.

त्याच आठवड्यात बाईचा फोन आला. "काय गा परलाद, येऊ का मंग?"

"नोको येऊ. तपासून पायलं मी. खोटं हाय."

"बरं," ती म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. तिच्या मुलाने नंतर सांगितलं की तिची पिशवी भरून तयार होती. एक्स-रेचं पाकीट दुमडू नये म्हणून दोन पाटांच्या मध्ये ठेवलेलं होतं.

कडता

खेप संपल्यावर पुन्हा व्हरांड्यात चाललो. दोन दिवसांनी मॅडमने बोलावलं. कुसुम सोबत होती. टेबलावर त्यांचा कागद आणि माझी वही शेजारी शेजारी.

"काका, एक कळत नाही. व्हरांड्यात तुम्ही मे महिन्यापेक्षा दीड फेरी जास्त चाललात, तेही न थांबता. आणि वही म्हणते की घरी तुम्ही रोज कमी कमी चालत गेलात. यातलं खरं काय?"

"दोन्ही खरं आहे," मी म्हणालो. मग घसा साफ केला. "वहीत कडता धरलाय."

"काय धरलंय?"

मी समजावून सांगितलं. पोतं, परखी, ओलावा, सगळं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दुसऱ्या खेपेत जास्त का धरला?"

"तो माल खोटा वाटला."

"कशावरून?"

"पट्टा गार होता. मे महिन्यात गरम लागायचा."

मॅडमने माझ्याकडे पाहिलं, कुसुमकडे पाहिलं. "काका, मे महिन्यात गोंदियात खुर्चीपण गरम असते."

कुसुमला हसू आवरेना. पावसाळी हवेत ओलाव्याचा आकडा फसवतो हे शिकाऊ पोरांना शिकवणारा माणूस मी. आणि मांडीला गार लागलं एवढ्यावर मी निकाल दिला होता.

पाकीट उघडलं. खरी खेप दुसरी होती.

मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "आता लगेच उलटं टोक गाठू नका. दुसऱ्या खेपेपर्यंत तुम्हाला चालण्याचा सराव झाला होता. हवाही गार झाली होती. त्यात उजेडाचा वाटा किती, ते तुमच्या एकट्यावरून मला सांगता येणार नाही. घरची वही खरी असती तर निदान थोडा अंदाज आला असता."

"आता धरलेला कडता परत जोडू का?"

"कोणत्या दिवशी किती धरला ते आठवतंय?"

आठवत नव्हतं. त्यांनी वहीवर तिरपी रेघ मारली. माझ्या बी.ए.च्या अक्षरात लिहिलेली सहा आठवड्यांची वही, तिची किंमत एका रेघेएवढी झाली.

बाहेर दुबेजी बाकावर बसले होते, त्यांनीही माझ्यासोबत सही केली होती. त्यांच्या दोन्ही खेपा सारख्याच निघाल्या होत्या. "अपनी तो दोनों बार लाल ही रही साहब," ते म्हणाले. "मगर चलने की आदत पड़ गई. मंडी तक पैदल हो आता हूं." म्हणजे उजेड सगळ्यांना लागू पडतो असंही मला म्हणता येईना.

भावाचा शब्द

रिक्षात कुसुम म्हणाली, "आता बाईले काय सांगसान?"

"ये म्हणून सांगतो."

"काल नोको म्हनलं, आज ये म्हनता. तिले काय पायजे ते विचारलं का कधी?"

घरी येऊन मी फोन लावला. पट्टा गार लागण्याचं सगळं सांगितलं. बाई ऐकत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "राहू दे आता."

"काऊन?"

"मी सांगून बसलो ना अख्ख्या वस्तीले. माह्या भावानं तपासून पायलं, खोटं हाय म्हून. जिजा येनार होती माह्या संगं, कौसल्याबी येनार होती. त्याहिनं नाव काढून टाकलं." ती थांबली, श्वास घेतला. "आता मी कशी येऊ? लोकं म्हनतील, हिचा भाऊ आज एक बोलते, उद्या एक. तू खोटा पडशील गा."

आणि फोन ठेवला.

ती माझी इज्जत वाचवत होती. त्यासाठी नळापाशी दोनदा बसायला ती तयार होती. आणि प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, तशीच धाप लागणाऱ्या तिघींचा होता. माझ्या एका शब्दावर बिड्या वळणाऱ्या तीन बायकांनी घरी बसायचं ठरवलं होतं, आणि दिवाळी महिन्याभरावर आली होती. पुन्हा फोन केला तर ती पुन्हा ठेवून देईल हे मला कळलं. पण लिहिलेलं ती वाचते, एकेक अक्षर लावून, मोठ्याने. म्हणून पत्र लिहिलं. तिच्याकडून ते परत मागून इथे जसंच्या तसं उतरवलं आहे.

गोंदिया

प्रिय बाई,

सप्रेम जयभीम. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाच. दम लागला की थांब, पत्र कोठे पळून जात नाही.

हे पत्र तू एकटीने वाचू नको. जिजाबाई आणि कौसल्याबाई यांना बोलव आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. लाज वाटून मधलं काही गाळू नको.

मी तुला सांगितलं होतं की मी तपासून पाहिलं आणि ते खोटं आहे. मी तपासलं नव्हतं. मी मांडीला हात लावून अंदाज केला आणि तुला तपासलं म्हणून सांगितलं. शिवाय रोज चालण्याचा आकडा मी वहीत कमी लिहिला, त्यामुळे मॅडमची मेहनत वाया गेली. मी शिकलेला आहे म्हणून तुम्ही तिघींनी माझं ऐकलं. शिकलेला माणूस चुकतो आणि कधीकधी खोटंही लिहितो. हे तुम्हाला माहीत असावं.

आता जेवढं खरं माहीत आहे तेवढंच सांगतो. आजार बरा होत नाही. फुप्फुस होतं तसंच आहे. दोन्ही वेळचं औषध मला ओढावं लागतं. रेल्वेच्या पुलावर अजून एकदा थांबतो, पण आधी तीनदा थांबत होतो. आंघोळ माझी मी करतो. हे उजेडाने झालं की रोजच्या चालण्याने झालं, ते मॅडमला सांगता येत नाही आणि मलाही नाही. माझ्यासोबतच्या एका माणसाला उजेडाचा काही फरक पडला नाही. त्रास कोणाला झालेला मी पाहिला नाही, पण तेही तू मॅडमलाच विचार. त्या मराठीत नीट समजावून सांगतात आणि रागावत नाहीत.

सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी त्या असतात. दिवाळीला यंत्र जाणार आहे. एका खेपेपुरते दिवस उरले आहेत, म्हणजे तुमच्यासाठी दिवे खरेच असतील, हे मी दोनदा विचारून घेतलं आहे. यंत्र गेल्यावरही चालण्याचा व्यायाम त्या घेणारच आहेत. तिघी याल तर तीन आठवडे आमच्या घरी राहा, कुसुमने पुढची खोली रिकामी केली आहे.

यावं की नाही, मी सांगणार नाही. आजवर तुझ्यासाठी मी ठरवत आलो आणि तू ठरवू दिलंस. मी खोटा पडेन याची तू काळजी केलीस. बाई, मी पडलो आहे, आणि मला काही झालेलं नाही. जेवतो, झोपतो, गल्लीत चालतो.

येणार असाल तर बसमधून सगळ्यात शेवटी उतरा, धक्काबुक्कीत दम लागतो. मी स्टँडवर असेन. नाही यायचं ठरलं तर तेही कळव, मी रागावणार नाही. फक्त कोणी विचारलं तर 'माह्या भावानं सांगतलं म्हून' असं म्हणू नको. तुझं जे कारण असेल ते सांग.

तुझा लहान भाऊ,
प्रल्हाद